त्याला लढाईत मारू नकोस

पंचवटी, नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

खापरपणजोबांच्या धाकट्या भावाची पाटी गावच्या वेशीवर लागणार, आणि ‘शत्रूशी लढताना धारातीर्थी पडले’ हे भावकीचं वाक्य तुला खुपतंय. शंभर वर्षांनी कोण विचारणार, म्हणतात. यात गोंधळण्यासारखं मला काही दिसत नाही. पहिल्या महायुद्धात तो इंग्रजांच्या फौजेतल्या ११७व्या मराठा पलटणीचा शिपाई, इराकातल्या कूतला तुर्कांच्या हाती सापडला आणि सीरियातल्या रास अल-ऐनच्या कैद्यांच्या छावणीत वारला. त्याला लढाईत मारू नकोस.

तुर्कांचा कूतला वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. सोडवायला आलेल्या इंग्रजी फौजेची हजारो माणसं पडली, तरी वेढा उठला नाही. शिधा घटत गेला, घोडी-खेचरं कापली गेली. आपल्या पुष्कळ शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही. गावी गेल्यावर जातीत घेतील का, ही धास्ती. हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं. शरणागतीआधीच माणसं खंगली होती. मग बगदाद, सामर्‍यापर्यंत रेल्वे, पुढे मोसुलमार्गे उन्हातान्हात पायपीट आणि शेवटी रुळांच्या कामावर जुंपणं. कूतच्या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं. एवढं सोसलेल्या २२ वर्षांच्या पोराला एका वाक्यात गोळी घालून मोकळा होणार आहेस का?

युद्धात गेलेल्याच्या घरी सरकारकडून यायच्या त्या कांस्याच्या चकतीचा तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. ब्रिटानिया, सिंह आणि चौकटीत उठावदार अक्षरांत त्याचं नाव. हुद्दा कुणाच्याच चकतीवर नसायचा, पण नाव आहे. बसऱ्याच्या स्मारकावर तेही नाही. चाळीस हजारांहून जास्त मृतांचं ते स्मारक. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. आपल्याकडच्या गावोगावच्या संगमरवरी पाट्याही तशाच: इतके गेले, इतके मेले. साहेबाने त्याचं नाव खाल्लं. आता भावकीने त्याचं मरण खायचं?

नाशकातच एका स्मरणिकेला मी अशाच एका कैद्यावर लेख दिला होता. संपादकांनी शेवट बदलून त्याच्या हातात संगीन दिली. मी लेख परत घेतला. हेकट म्हणाले, पुढे कधी बोलावलं नाही. बोलावू नका. तेव्हा मान तुकवली असती तर आज तुला हे कोणत्या तोंडाने सांगितलं असतं? खंत एकच. त्या शिपायाची पुतणी तेव्हा हयात होती, आणि चुलत्याबद्दलचा छापील शब्द तिला पाहायला मिळाला नाही.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आणि जिनिव्हाच्या रेडक्रॉसची कैद्यांची कागदपत्रं घरबसल्या पाहता येतात. नावाचं स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघ. कारकुनांनी आपल्या नावांची दैना केली आहे. तारीख सापडली तरच लिही. नाव, बापाचं नाव, गाव, पलटण आणि ‘तुर्कांच्या कैदेत मृत्यू’, पाटीवर एवढंच. त्याला लढाईत मारू नकोस, बाळा. तो मेला त्याच जागी त्याला मानाने उभा कर.

शनिवारी सार्वजनिक वाचनालयात ये. मोठ्या चुलत्यांनाही आण, त्यांच्याशी मी बोलतो. पण मजकूर रंगाऱ्याकडे जायच्या आधी.