लंडनमध्ये व्हिक्टोरियन काळातली वाफेची इंजिनं खरंच चालताना बघायला मिळतात का?

तुम्ही विचारलंय की वडील रिटायर्ड मेकॅनिकलवाले आहेत, पहिल्यांदाच लंडनला येतायत, राजवाडे वगैरे बघून कंटाळतील, तर जुनी वाफेची इंजिनं प्रत्यक्ष चालताना कुठे बघता येतील. मिळतात बघायला. माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यांना घेऊन मी दोनदा गेलोय, त्यातली पहिली खेप फुकट गेली, तीही माझ्याच मूर्खपणामुळे, ते पुढे सांगतो.

माझं उत्तर एकच, क्रॉसनेस. शहराचं मैलापाणी उपसणारं जुनं पंपिंग स्टेशन, लंडनच्या आग्नेयेला थेम्स नदीच्या काठावर आहे, एलिझाबेथ लाइनने अ‍ॅबी वूडला उतरायचं. क्यू ब्रिजचं म्युझियमही भारी आहे, तिथे १८४६ चं नव्वद इंची इंजिन आहे, म्हणजे नुसत्या सिलिंडरचाच व्यास साडेसात फूट, आणि ते पिण्याचं पाणी उपसायचं, एका स्ट्रोकला दोन हजार लिटरच्या वर. पण एकच ठिकाण निवडायचं तर क्रॉसनेस, कारण तिथे बघायला इंजिन आहे आणि ऐकायला गोष्ट आहे.

गोष्ट गटाराची आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारायला लागली की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं क्लोराइड फासायची वेळ आली. तोवर कॉलऱ्याने हजारो माणसं मेली होती, तेव्हा कोणाला घाई नव्हती, साहेबांच्या नाकापर्यंत पोचल्यावर मात्र पैसे लगेच मंजूर (हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना?). मग जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरने शहराखालून मोठमोठी गटारं काढली. गंमत म्हणजे तेव्हा बहुतेकांना वाटायचं कॉलरा दुर्गंधीतून पसरतो, म्हणजे कारण चुकीचं धरलं आणि उपाय नेमका बरोबर निघाला, कारण घाण पिण्याच्या पाण्यापासून लांब गेली.

आता इंजिन कशाला, तर गटार उतारावर वाहत येतं आणि क्रॉसनेसला पोचेपर्यंत नदीच्याही खाली गेलेलं असतं. ते मैलापाणी वर उचलून टाकीत साठवायचं आणि ओहोटी लागली की नदीत सोडायचं, की जाऊ दे समुद्राकडे. शुद्धीकरण वगैरे काही नाही हां. १८७८ च्या सप्टेंबरमध्ये प्रिन्सेस अ‍ॅलिस नावाची प्रवासी बोट तिथूनच जवळ बुडाली, नुकतंच मैलापाणी सोडलेलं होतं, सहाशेच्या वर लोक गेले. त्यानंतर मग घाण नुसती नदीत ढकलून भागत नाही हे गळी उतरायला लागलं.

एप्रिल १८६५ मध्ये युवराजाच्या हस्ते उद्घाटन झालं आणि चार इंजिनांना नावं दिली व्हिक्टोरिया, प्रिन्स कन्सोर्ट, अल्बर्ट एडवर्ड, अलेक्झांड्रा, म्हणजे आई, वडील, स्वतः आणि बायको, सगळं खानदान मैला उपसायच्या कामाला. आतलं लोखंडी नक्षीकाम, लाल-हिरवे रंगवलेले खांब आणि जाळ्या, बघून देवळाचा सभामंडप वाटावा, आणि खाली काम काय तर हे.

१९५० च्या दशकात हे पंपिंग स्टेशन बंद पडलं. इंजिनं काढून भंगारात विकायचा खर्च भंगाराच्या किमतीपेक्षा जास्त होता म्हणून ती तशीच राहिली, पितळ-तांबं मात्र चोरांनी उचकटून नेलं. १९८० च्या दशकात हौशी लोक जमले आणि वर्षानुवर्षं घासत बसले, तेव्हा कुठे २००३ ला प्रिन्स कन्सोर्ट वाफेवर पुन्हा फिरलं. व्हिक्टोरियावर काम चाललंय, बाकीची दोन गंजलेलीच आहेत, आणि मला तर तेच आवडलं, कारण एकीकडे चकचकीत, दुसरीकडे लाल गंज, कोणी काय मेहनत घेतली ते न सांगता कळतं.

तर माझा मूर्खपणा. पहिल्यांदा आम्ही नुसत्या 'ओपन डे'ला गेलो, म्हणजे आत जाता येतं पण इंजिन चालवत नाहीत. इंजिन थंड. बाबांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मयताला आल्यासारखं वाटतंय रे." दुसऱ्या वेळी स्टीमिंगचा, म्हणजे इंजिन वाफेवर चालवतात तो, दिवस बघून गेलो. सत्तेचाळीस टनांची बीम, म्हणजे वर-खाली डोलणारी लोखंडी तुळई, बावन्न टनांचं फ्लायव्हील, म्हणजे भलंमोठं जड चाक, आणि हे सगळं इतकं हळू की तुम्ही धडधडाट ऐकायला कान टवकारून उभे, आणि ऐकू येतो नुसता सुस्कारा. फुल कामावर असताना सुद्धा मिनिटाला अकरा फेरे, आणि एका स्ट्रोकला सहा टन मैलापाणी वर. आज पंप काही उपसत नाही, इंजिन मोकळंच फिरतं, मूळ बॉयलरही राहिले नाहीत, वाफ नव्या छोट्या बॉयलरमधून येते.

तेलाची बुधली घेऊन एक म्हातारे स्वयंसेवक फिरत होते. बाबांना इंग्रजी जेमतेम, पण ते एका ठिकाणी बोट दाखवून म्हणाले, "ग्लँड लीक. पॅकिंग." (म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून वाफ गळतेय, आतलं भरण बदला.) ते गृहस्थ हसले आणि खिशातून कॉटन वेस्टचा, म्हणजे तेल पुसायच्या सुताचा, बोळा काढून बाबांच्या हातात दिला, आणि पुढचा अर्धा तास दोघं बेअरिंगला हाताची पाठ लावून गरम झालंय का बघत फिरत होते, कोण कुठल्या भाषेत बोलतंय ते मला काही कळलं नाही. मी बाहेर जाऊन चहा घेऊन आलो तरी ते तिथेच.

तर स्टीमिंगचा दिवस आधी त्यांच्या वेबसाइटवर बघा आणि मगच बाकीचा दौरा ठरवा, असे दिवस वर्षात मोजकेच असतात. वडिलांना पांढरा शर्ट घालू देऊ नका, आमच्याकडचा अजून धुऊन निघाला नाहीये. आणि हो, शेजारी आजही चालू मैलाशुद्धीकरण प्रकल्प आहे, वारं उलट असलं तर नाकाला कळतं.