गाडीचं नंतर बघू, आधी त्या पेन्शनचं

जर्मनीतल्या ओस्नाब्रुकहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, पत्नी सध्या घरी, मुलगी ९ वर्षांची. घरखर्च महिन्याला ३,००० युरो, सगळं जाऊन ५०० उरतात. त्यांना १९७९ सालची, पूर्ण दुरुस्त केलेली फोक्सवॅगनची बीटल १३०३ कॅब्रिओलेट, म्हणजे उघड्या टपाची बीटल, घ्यायची आहे. किंमत २६,००० युरो. जवळची १७,००० ची सगळी शिल्लक घालायची आणि ९,००० चं कर्ज काढायचं, ४ वर्षं, ७ टक्के. विक्रेत्याने सांगितलंय की गाडी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढेल आणि वर्षभरानंतर विकली तर नफ्यावर करही नाही. ‘कारमानचा शंभर वर्षांचा वारसा आहे, किंमत खाली येणार नाही,’ असं ते लिहितात. कारमान म्हणजे ही गाडी घडवणारा कारखाना. गुंतवणूक म्हणून घेऊ का, एवढंच विचारलंय.

पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘बाकी काळजी नाही. रुरूप पेन्शनमध्ये सहा वर्षं महिना ४०० युरो जातायत, २०३१ ला पुण्याला परतताना त्यातले साठेक हजार काढून बाणेरच्या फ्लॅटला लावू.’

ते पैसे तुम्हाला काढता येणार नाहीत. २०३१ ला नाही, आणि त्यानंतरही एकरकमी नाही. हे कुणीतरी तुम्हाला सहा वर्षांपूर्वी, सही घेण्याआधी सांगायला हवं होतं.

रुरूप ही २००५ साली सुरू झालेली पेन्शन. अर्थतज्ज्ञ बेर्ट रुरूप यांच्या नावाने ओळखली जाते. सरकारी पेन्शन नसलेल्या, स्वतःचा धंदा करणाऱ्यांना म्हातारपणाची सोय असावी हा तिचा मुख्य हेतू. करात सवलत भरघोस, पण त्या बदल्यात कायद्याने दारं बंद केली आहेत. ही पेन्शन मोडता येत नाही, विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. वयाच्या ६२ च्या आधी सुरू होत नाही, आणि सुरू झाली की महिन्याच्या महिन्यालाच मिळते, तीही करपात्र. वारसांसाठी वेगळी तरतूद घेतली नसेल, तर तुमच्यानंतर ते पैसे कुटुंबाला मिळत नाहीत. नोकरदार, सरकारी पेन्शनमध्ये आधीच भरणारा, दहा-बारा वर्षांत मायदेशी परतायचं ठरवलेला माणूस, अशा तुमच्यासारख्याला हे विकणं म्हणजे मला सरळ फसवणूक वाटते. ‘टॅक्स वाचतो’ एवढ्या एका वाक्यावर ही पॉलिसी आपल्या कितीतरी मुलामुलींच्या गळ्यात मारली गेली आहे. त्यांचे कागद बघताना मला दर वेळी संताप येतो.

आता तुमचे आकडे बघू. करार ३५ ते ६७ वयाचा, म्हणजे ३२ वर्षं. महिना ४०० धरले तर एकूण हप्ते दीड लाख युरोंच्या वर. त्यावर अडीच टक्के करार करण्याचा खर्च, म्हणजे ३,८०० च्या आसपास. तो पहिल्या पाच वर्षांत कापून घेतला. महिन्याला ६४ युरो, ४०० मधून. म्हणून तर २८,८०० भरूनही तुम्ही पाठवलेल्या विवरणात २६,३०० च दिसतायत. करसवलतीचे दहाएक हजार परत मिळाले, ते खरे. पण तुम्हीच लिहिलंय की दर वर्षीचा परतावा सुट्ट्यांत गेला.

आणि कराराच्या त्याच कागदावर आणखी एक आकडा आहे. जमलेल्या प्रत्येक १०,००० मागे महिना २८ युरो पेन्शन. भागाकार करा, ३५७ महिने. म्हणजे स्वतःचेच पैसे परत मिळायला ३० वर्षं, वयाची ९७ गाठावी लागेल. आज हप्ते थांबवले आणि २६,३०० वर खर्च वजा जाऊन ४ टक्के सुटले, तर ६७ व्या वर्षी ७३,००० च्या आसपास होतील आणि महिना दोनशे युरो येतील. आजच्या मोलाने सव्वाशे धरा. फ्लॅट त्यातून होत नाही.

म्हणून पहिलं काम हे. विमा कंपनीला पत्र पाठवून करार ‘बायट्रागस्फ्राय’ करायला सांगा. म्हणजे हप्ते बंद, जमलेलं तिथेच राहील. थांबवल्यानंतर दर वर्षी काय खर्च कापणार हे त्यांच्याकडून लेखी घ्या. सही करण्याआधी ग्राहक सल्ला केंद्रात, म्हणजे व्हेरब्राउखरत्सेंट्रालमध्ये, फी भरून कागद दाखवा. ज्याने पॉलिसी विकली त्याला विचारू नका. तो ‘आता थांबवलं तर नुकसान’ म्हणेल. नुकसान झालेलं आहे, ते वाढवायचं का एवढाच प्रश्न आहे.

हप्ता बंद झाला की हातात ४०० येणार नाहीत. करसवलत जाईल, साधारण १६०. उरले २४०. तुमचे महिन्याचे ५०० धरून ७४०. पाच वर्षांत ४४,००० आणि वर थोडं व्याज. साठ हजार नाहीत, पण हे पैसे तुमचे असतील आणि २०३१ ला खरोखर काढता येतील. एवढ्या जवळच्या तारखेचे पैसे शेअरमध्ये टाकू नका, मुदत ठेवीत ठेवा. फ्लॅट थोडा लहान घ्यावा लागेल, किंवा कर्ज जास्त काढावं लागेल. तुमच्या पत्नीला हे आजच सांगा. त्याही त्या साठ हजारांवर विसंबून असणार.

टर्म इन्शुरन्स तुमच्या पत्रात कुठेच नाही. पत्नी घरी, मुलगी ९ वर्षांची. तीन लाख युरोंचा घ्या, या महिन्यात.

आता गाडी.

मलाही ती आवडते. मागे बाबागाडीच्या टपासारखं उंच दुमडून बसणारं कापडी छत, आत खरी काच, ५० अश्वशक्तीचं मागचं इंजिन. ही गाडी बघून ज्याचा जीव वर-खाली होत नाही त्याला गाड्या कळत नाहीत, असं मी मानतो. आणि तुम्ही राहता त्या गावातच ती घडली. विल्हेल्म कारमान यांनी १९०१ साली ओस्नाब्रुकमधला क्लागेस यांचा घोडागाड्यांचा कारखाना घेतला, तोच १८७४ चा. १९४९ साली फोक्सवॅगनने त्यांच्याकडे पहिल्या हजार उघड्या बीटल मागितल्या. टप कापला की बीटलचा सांगाडा लवचिक होतो, तो खालून पोलादी पट्ट्यांनी बळकट करण्याचं काम या लोकांनी केलं. शेवटची गाडी १० जानेवारी १९८० ला बाहेर पडली.

तोवर ३,३१,८४७ झाल्या होत्या. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे. त्याच १९४९ मध्ये हेबम्युलर नावाच्या दुसऱ्या कारखान्याने दोन माणसांची उघडी बीटल काढली होती. कारखान्याला आग लागली, पुढे धंदा बुडाला, आणि जेमतेम सातशे गाड्या झाल्या. दुर्मीळ म्हणायचं तर ती. तुमची सव्वातीन लाखांतली एक आहे, आणि शेवटच्या वर्षांतली.

आणि वारसा म्हणाल, तर कारमाननेही एप्रिल २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. एकशे आठ वर्षांचं नाव, कारमान घिया आणि गोल्फ कॅब्रिओलेट या गाड्या घडवलेले हात, तरीही. कारखाना फोक्सवॅगनने घेतला. आता २०२४ च्या डिसेंबरमधल्या करारानुसार तिथली टी-रॉक कॅब्रिओलेट २०२७ पर्यंतच निघणार आहे. त्यानंतर काय, हा तुमच्या गावातल्या प्रत्येक सुटे भागवाल्याचा प्रश्न आहे, आणि तुम्ही तशाच कंपनीत आहात. अशा वेळी १७,००० ची शिल्लक शून्यावर आणून वर २१५ युरोंचा हप्ता घेणं मला अजिबात मान्य नाही. नोकरी गेलीच, तर मूल असल्यामुळे निव्वळ पगाराच्या ६७ टक्के भत्ता १२ महिने मिळेल. बाकीचं त्या शिल्लकेतूनच भरायचं आहे. ती आज सहा महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाही.

विक्रेत्याचे ८ टक्के मान्य करू, क्षणभर. दहा वर्षांत २६,००० चे ५६,००० होतील. आता खर्च. ३० वर्षांवरच्या गाडीला मिळणाऱ्या एच-नंबरप्लेटवर कर वर्षाला सुमारे १९२ युरो, विमा ३५०, भाड्याचं गॅरेज महिना ९० म्हणजे १,०८०. डागडुजी, टायर, छताचं कापड यांचे सरासरी १,३०० तरी ठेवाच. वर्षाला ३,००० च्या घरात. दहा वर्षांचे ३०,०००. छप्पन्न उणे तीस, सव्वीस. विक्रेत्याचं स्वप्न शब्दशः खरं झालं तरी हातात मूळ रक्कमच, महागाईने झिजलेली. करमुक्त नफा हे खरं आहे, पण करमुक्त व्हायला आधी नफा लागतो. ४ टक्क्यांनीच वाढली तर साडेसतरा हजारांचा तोटा.

‘पूर्ण दुरुस्त’ या शब्दांवरही विश्वास ठेवू नका. या गाडीचा गंज दाराखालच्या उंबऱ्यात असतो. तिथूनच गरम हवेची नळी जाते आणि तिथेच गाडीचं बळ असतं. नवा रंग आणि खाली पुट्टी, हा प्रकार नेहमीचा. कामाचे फोटो आणि बिलं नसतील तर किंमत अर्धी धरूनच बोला.

मुलीला उघड्या बीटलमधून फिरवायचंय, असं तुम्ही लिहिलंय, आणि पत्रातलं ते कारण मला सगळ्यात खरं वाटलं. मे महिन्यात एक दिवस भाड्याने घ्या, टॉयटोबुर्गच्या जंगलातून फिरवून आणा. मग २०२७ चं चित्र स्पष्ट झालं, २०,००० ची शिल्लक बाजूला राहिली, फ्लॅटच्या पैशांना हात लागला नाही, आणि तरी मन तिच्यातच असेल, तर कर्ज न काढता, स्वतंत्र मूल्यांकन करून, छंद म्हणून घ्या. तेव्हा मी अडवणार नाही. पण ती तुम्ही २०३१ ला पुण्याला नेणार नाही. डाव्या बाजूचं स्टिअरिंग आणि वर आयात कर, तो विचार आत्ताच सोडा. विकायचं वर्षही आधीच ठरवून ठेवा.

विक्रेत्याला बयाणा दिला नसेल तर देऊ नका. विमा कंपनीचं उत्तर आलं की खर्चाचं पान मला पाठवा.