त्या मंडळात ‘नाही’ कोण म्हणतं?

प्रिय पोरी,

इंग्लंडमधल्या ज्या संस्थेत तुला मनाचं विश्लेषण शिकायचंय, तिच्या विश्वस्तांचा तू पाठवलेला परिचय दोनदा वाचला. एक वकील, एक हिशेब तपासणारे, सरकारी दवाखान्यांच्या कारभारातून निवृत्त झालेल्या एक बाई, एक माजी मुख्याध्यापिका, आणि उरलेले दोघे-तिघे तेवढे स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंगच्या परंपरेतले विश्लेषक, म्हणजे बोलतं करून मनावर उपचार करणारे. त्यावर तुझा प्रश्न, “मावशी, यांना युंग कळतो तरी का? आणि मी इतके पैसे घालून यांच्या संस्थेत शिकायचं?”

अगं, ते शिकवणार नाहीत. विश्वस्तांनी शिकवायचं नसतं. धारवाडला एम.ए. केलेल्या, खानापुरातल्या शाळांत पोरांचं ऐकून घेणाऱ्या मुलीला हे सांगावं लागतंय याचा मला जरा रागच आला. तू बघितलंस त्यांना युंग किती येतो. बघायचं होतं ते हे, की त्या मंडळात गुरुजींना ‘नाही’ म्हणू शकणारं माणूस कोण आहे.

या विद्येत ते का लागतं, ते नीट समजून घे. दुसऱ्याच्या मनात हात घालणाऱ्यानं आधी स्वतःचं मन कुणापुढे तरी उघडलेलं असावं, हा आग्रह मूळचा झुरिकच्या, म्हणजे युंगच्या मंडळींचा. खुद्द फ्रॉइडनं 1912 मध्ये याचं श्रेय त्यांना दिलं. आग्रह योग्यच आहे, तुलाही त्यातून जावं लागेल. पण त्याचा परिणाम बघ. आजचा शिक्षक कालच्या शिक्षकाचा रुग्ण होता, आजचा परीक्षक परवाच्या परीक्षकाच्या खुर्चीसमोर बसून रडलेला आहे. संस्थेतल्या जवळजवळ प्रत्येकाची गुपितं संस्थेतल्याच कुणाकडे तरी आहेत. अशा मंडळींनीच मंडळ भरलं, तर लग्नाच्या बोलणीला दोन्हीकडून एकच पाव्हणे बसल्यासारखं होतं. बोलणी छान होते, पण मुलीची बाजू कुणी घेत नाही.

मोठ्यांचंही हेच झालं. 1916 मध्ये झुरिकला युंगच्या मंडळींचा सायकॉलॉजिकल क्लब निघाला तो अमेरिकेतल्या धनाढ्य रॉकफेलरांची लेक एडिथ मॅकॉर्मिक हिच्या पैशावर, आणि ती युंगकडेच विश्लेषण घेत होती. (त्याच वर्षी आपल्या बेळगावात सात शिक्षकांनी केएलई ही शिक्षणसंस्था काढली. त्यांच्याकडे पैसा नव्हता, तो वतनदारांकडून आला. लखमगौडा, लिंगराज ही कॉलेजांची नावं तिथूनच आली. देणारे वेगळे, शिकवणारे वेगळे. हा फरक मला फार मोठा वाटतो.) 1948 मध्ये झुरिकला युंगच्या नावाची शिक्षणसंस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या पाठीशी स्वतः युंग, आणि मंडळात सी. ए. मायर, योलांडे याकोबी यांच्यासारखी त्यांच्याच तालमीतली माणसं. आता सांग, तिथं युंगना कोण अडवणार होतं?

आणि अडवायची गरज त्याआधीच दिसून गेली होती. 1933 मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर, जर्मनीतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं अध्यक्षपद क्रेत्श्मर सोडून गेले. ते युंगनी घेतलं. त्याच डिसेंबरात, युंग संपादक असलेल्या नियतकालिकात हिटलरच्या पुस्तकाशी निष्ठा सांगणारं, तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांचा पुढारी माथियास ग्योरिंग याचं निवेदन छापून आलं. युंग म्हणाले, ते मला न विचारता छापलं. असेलही. पण त्यांच्या शेजारी कोणी रुक्ष, युंगचं एक अक्षर न वाचलेला वकील बसला असता, तर त्यानं विचारलं असतं, “डॉक्टर, अंकावर नाव तुमचं जाणार, मग मजकूर आधी कोण बघतो?” त्याही आधी, सबिना स्पीलराइन ही तरुणी 1904 मध्ये युंगकडे रुग्ण म्हणून आली, आणि पुढे काही वर्षांत डॉक्टर-रुग्ण या नात्याची मर्यादा राहिली नाही. तेव्हा तक्रार ऐकायला मंडळ नव्हतं. तिच्या आईपर्यंत गोष्ट गेली आणि युंग त्या आईशी पत्रांतून वाद घालत बसले. म्हणून मंडळ लागतं आणि मंडळात परकं माणूस लागतं.

मी हे पुस्तकातून बोलत नाही. बेळगावातल्या एका छोट्या समुपदेशन ट्रस्टची मी बरीच वर्षं खजिनदार होते. कुठल्या ते विचारू नकोस. आमचे सर फार मोठे, खरंच मोठे. कानडी घरातला माणूस असो की मराठी, त्यांच्यापुढे बसला की मोकळा होऊन उठायचा. विश्वस्त मात्र सगळे त्यांचे विद्यार्थी किंवा त्यांच्याकडे बरे झालेले. मी बँकेतली, एकटीच बाहेरची. मी म्हटलं, सध्या सरांकडे उपचार घेणारं कोणी विश्वस्त नको, तक्रार ऐकणारं माणूस सरांच्या ओळखीचं नको, आणि देणग्यांची पावती सरांच्या सहीनं फाडायची नाही. केवढा गहजब झाला! मनाच्या काळ्या सावलीवर तासन् तास बोलणारी ती मंडळी, आणि पावतीपुस्तक मागितलं की त्यांच्या श्रद्धेला धक्का बसायचा. ताळेबंदावर मी सही केली नाही. पुढच्या निवडीत माझं नाव नव्हतं.

त्यात माझी टिळकवाडीची मैत्रीण गेली, कायमची. तिला सरांनी जगवलं होतं, तिच्या दृष्टीनं मी कृतघ्न. तिची आठवण येते. पण सही करायला हवी होती असं मला एकदाही वाटलेलं नाही, आणि म्हातारपणी मऊ होऊन तुला तसं सांगणारही नाही. लोक म्हणतात, हिला मोठी माणसं सोसत नाहीत. चूक! मोठी माणसं सोसतात म्हणून तर त्यांना अडवायला कुणीतरी हवं म्हणते. लहान माणसाला अडवायला विश्वस्त कशाला, शेजारी पुरतो.

तर तुझी संस्था. इंग्लंडमध्ये अशा धर्मादाय संस्थांची विश्वस्तांची नावं आणि हिशेब चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कुणालाही बघता येतात, ते काढ. वकीलबाई आधी तिथं विद्यार्थिनी होत्या का? हिशेबवाले कुठल्या शिक्षकाचे रुग्ण? सगळं कळणार नाही, पण पत्र लिहून विचार. तक्रार कोण ऐकतं हेही विचार. तिथं ‘सायकोथेरपिस्ट’ ही पाटी लावायला कायद्याची अट नाही, म्हणून संस्था यूकेसीपी किंवा बीपीसी या तिथल्या मानसोपचारकांच्या नोंदणी-संघटनांकडे नोंदलेली आहे का ते बघ. आणि हे शिकून आलीस तरी इथं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते, ती त्यातून मिळणार नाही. हे तुला ठाऊक असेल. नसेल तर आत्ताच बस आणि विचार कर.

निपाणीचे कोणी सर यापेक्षा स्वस्तात ‘युंगीय’ प्रमाणपत्र देतात म्हणालीस. त्यांच्या मंडळात कोण कोण आहे? सरांची बायको, मेहुणा आणि दोन विद्यार्थी असतील, तर ते कितीही थोर असोत, जाऊ नकोस. कर्नाटकात सोसायटीला कार्यकारी मंडळाची यादी दरवर्षी निबंधकाकडे द्यावी लागते, 1960 च्या कायद्यानं. यादी माग. नुसती मागितली म्हणून सर रागावले, तर पुढचं काही बघायला नको.

शनिवारी येताना इंग्लंडच्या संस्थेचे गेल्या तीन वर्षांचे हिशेब छापून आण. मोबाइलवर मला आकडे दिसत नाहीत, आणि फी भरायच्या आधी मला ते एकदा लाल पेनानं बघायचे आहेत.

तुझी,
मावशी