पंचांचं भांडण चालू असताना

पाळक म्हणून पहिल्याच वर्षी चर्चच्या पंचांच्या, म्हणजे कमिटीवाल्यांच्या, भांडणात सापडलास, वाईट वाटलं. एक कर: कमिटीची मीटिंग असेल त्या दिवशी आधी एका आजाऱ्याच्या घरी जाऊन ये. हिशेबाच्या वादात मी एकदा असा अडकलो की अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) द्यायचं महिनाभर राहिलं. गेलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पाळकसाहेब, वाट पाहत होते." अजून सलतं ते.

कुणी कान भरायला आलं, तर बायबलमधलं मत्तय 18:15 काढून विचार, ज्याची तक्रार करताय त्याच्याशी एकांतात बोललात का? बहुतेक तिथेच गप्प होतात. पैशाचे वाद खजिनदाराकडे. येशूच्या प्रेषितांनीही स्वतः प्रार्थनेला आणि वचनाला मोकळं राहावं म्हणून पंगतीच्या सेवेला सात जण निवडलेच की. उपदेशातून टोमणे मात्र नकोत (मोह फार होतो). आणि विरोधकाच्या घरी मयत झालं, तर सगळ्यांत आधी तू पोहोच.