जळगावात मे महिन्याच्या दुपारी रिसीव्हरच्या व्हीजीएचा (कंट्रोल व्होल्टेजने गेन बदलता येणाऱ्या अॅम्प्लिफायरचा) गेन २ डीबीने का वाढतो?

हा बिघाड नाही. करंट-स्टिअरिंग व्हीजीएतल्या डिफरन्शियल जोडीचा (कंट्रोल व्होल्टेजनुसार करंट आपसांत वाटून घेणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांचा) तो स्वभावच आहे. खोल अटेन्युएशनला, म्हणजे सिग्नल खूप कापला जात असताना, कंट्रोल व्होल्टेजच्या दर ६० मिलिव्होल्टला सुमारे २० डीबी कापले जातात, पण हा हिशेब २५ अंशांचा. तो ज्यावर ठरतो ते ट्रान्झिस्टरचं थर्मल व्होल्टेज निरपेक्ष तापमानाबरोबर वाढतं. पहाटे रिसीव्हरच्या डब्यात २५ अंश (२९८ केल्विन) आणि दुपारी ४७ (३२० केल्विन) धरले, तर फरक ७ टक्क्यांचा; तेच ९० मिलिव्होल्ट मग ३० ऐवजी २८ डीबीच कापतात. उपाय: कंट्रोल व्होल्टेज स्थिर रेफरन्सवरून घेऊ नका, निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढणाऱ्या करंट सोर्सवरून बनवा, आणि तो सोर्स व्हीजीएच्या अगदी लगत बसवा. पत्र्याच्या छपराखाली डब्याचे दोन कोपरेही सारखे तापत नाहीत. एजीसी लूप (सिग्नल एकसारखा राहावा म्हणून गेन आपोआप बदलणारं सर्किट) चालू असेल तर हा फरक तोच भरून काढतो. मात्र कंट्रोल व्होल्टेजवरून सिग्नलची ताकद मोजत असाल, तर मोजमाप चुकेल.