हुद्द्यापलीकडची ओळख

हिंजवडीत नव्याने रुजू झालेल्या तुमच्यासारख्यांना माझे पहिले सांगणे असे, की ‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला कंपनीचे नाव आणि हुद्दा यांखेरीज आणखी एखादे उत्तर आपल्यापाशी असू द्यावे. माझ्यापाशी ते नव्हते. बारा वर्षांच्या नोकरीनंतर प्रकल्प बंद होऊन माझे पदही गेले, तेव्हा घरच्यांशी बोलायलाही विषय उरला नाही.

त्यानंतर मी मोडी लिपी शिकू लागलो. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. मोडीत हात फारसा न उचलता सलग लिहिलेले असते, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळलेला नसतो, त्यामुळे पुष्कळदा संदर्भावरूनच शब्द ओळखावा लागतो. दुसऱ्याने टिपांविना लिहिलेला कोड वाचण्याची सवय येथे थोडी कामी आली, हे कबूल करतो. तरीही नोकरीला उपयोग होईल म्हणून छंद निवडू नका, कारण मग तो प्रशिक्षणाचाच एक भाग होऊन बसतो.

आकाशाची ओढ असल्यास १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. चालण्याची असल्यास वेताळ टेकडी आहेच. आठवड्यातली एक संध्याकाळ मात्र आधीच ठरवून ठेवा आणि ती वेळ बैठकांसाठी मोकळी नाही, हे वरिष्ठांना पहिल्याच महिन्यात सांगून टाका. पुढे ते सांगणे अवघड होत जाते.