भाडेकरूची साक्ष चालेल का?

प्रश्न: सासऱ्यांनी शेजाऱ्याकडून विकत घेतलेल्या खोलीवर आता शेजाऱ्याचा मुलगा हक्क सांगतोय. खासगी बेथ दीनकडे (ज्यू धर्मन्यायालयाकडे) लवादासाठी जायचं ठरलंय. माझे साक्षीदार तीन: दीर, खोलीतला भाडेकरू आणि समोरचे काका, ज्यांचं आमच्याशी कित्येक वर्षं बोलणंही नाही. तो म्हणतो, तिघेही पक्षपाती. (एक बेने इस्रायली भगिनी, अश्दोद, इस्रायल)

उत्तर: ताई, शेवटी ठेवलेत ते काका तुमचे पहिले साक्षीदार. मित्राची आणि वैऱ्याची साक्ष नको, असं मिश्नातल्या (प्राचीन ज्यू कायदेसंग्रहातल्या) रब्बी यहूदांचं मत होतं. बाकीच्या आचार्यांनी ते मानलं नाही. नुसत्या रागालोभाने माणूस खोटं बोलेल असं ते धरत नाहीत. त्यातून इथे तर काका अबोला धरूनही तुमच्याच बाजूने बोलणार!

दिरांचं नाव काढून टाका. सख्ख्या नातेवाइकाची साक्ष बाजूनेही चालत नाही, विरुद्धही नाही. ते खोटं बोलतील म्हणून नव्हे. मोशे आणि अहरोन हे संदेष्टे भाऊ असते तरी नियम हाच, असं तलमूद (मिश्नावरचा भाष्यग्रंथ) म्हणतं. शिवाय दीर वारसही आहेत.

खरी गोम भाडेकरूची. भाडं तुमच्या हातात पडलेलं असेल आणि खोली दुसऱ्याची ठरली, तर तो मालक भाडेकरूकडे पुन्हा भाडं मागेल. म्हणजे तुमच्या बाजूने बोलून तो स्वतःचा खिसा वाचवतोय. याला ‘नोगेआ’ म्हणतात, हितसंबंधी साक्षीदार. तलमूदच्या ‘बाबा बत्रा’ या भागात हाच प्रश्न आलाय, आणि वाट अशी काढलीय: भाडेकरू भाडं हातात घेऊन येतात आणि विचारतात, ‘हे कुणाला द्यायचं?’ मग त्यांची साक्ष चालते, कारण कोणीही जिंकलं तरी त्यांना तेवढंच द्यायचंय. तुमच्या भाडेकरूने आजवरचं भाडं चुकतं केलं असेल, तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. बँकेतल्या नोंदी दाखल करा.

साक्षीदार दोन लागतात, काका एकटेच उरतात. म्हणून लवादाच्या करारनाम्यावर सही करण्याआधी एक कलम मागून बघा: ‘अमुक साक्षीदार उभय पक्षांना मान्य.’ मिश्नात पक्षकार एरवी न चालणारी माणसंही स्वीकारून ‘माझे वडीलही मला मान्य, तीन गुराखीही मान्य’ असं म्हणू शकतो. समोरचा तयार होईल का, ते मात्र वेगळं.

इस्रायलच्या दिवाणी कोर्टात दिरांची साक्ष सरसकट बाद होत नाही. तिच्या एकटीवर निकाल द्यायचा तर न्यायाधीशाला कारण लिहावं लागतं (पुरावा अध्यादेश 1971, कलम 54). बेथ दीन निवडताना हा फरक लक्षात घेतला होतात का?

आणि ताबूचा (मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा) उतारा काढला नसेल, तर आधी तो काढा.